रणशलाकेचं तेरावं

जिन्याच्या वळणावरच जिलेबीचा वास आला आणि मला कळलं, आज हे लोक रणशलाकेला मारणार आहेत.

इचलकरंजीत आमच्या टेबलावर एक रीत होती. खेळात ज्याचं पात्र मरेल, त्यानं पुढच्या रविवारी सगळ्यांना जिलेबी आणि मठ्ठा द्यायचा. त्याला आम्ही तेरावं म्हणायचो. खाताना मेलेल्याची मनसोक्त निंदा करायची, तो किती मूर्खासारखा मेला ते रंगवून सांगायचं, आणि हात धुऊन झाले की त्या खेळाडूनं नवं पात्र घेऊन बसायचं. इरफाननं इतकी तेरावी घातली होती, की मिठाईवाला त्याला काळजीनं विचारायचा, भाऊ, तुमच्या घरात नक्की चाललंय काय?

पण गेल्या रविवारी कोणीच मेलं नव्हतं. म्हणजे ही जिलेबी आगाऊ आली होती.

दार ढकलून मी आत गेले. मगदूम टायपिंग इन्स्टिट्यूट रविवारी बंद असायची. यंत्रं भिंतीकडेला झाकणं घालून बसलेली, आणि मधल्या मोठ्या टेबलावर आम्ही. इन्स्टिट्यूट सन्मतीच्या वडिलांची होती आणि खेळ सन्मतीचा. टेबलाच्या एका कोपऱ्यात वर्तमानपत्राखाली काहीतरी झाकून ठेवलं होतं आणि कागदाला तुपाचे डाग पडले होते.

"खेळाआधीच जिलेबी?" मी विचारलं.

धैर्यशील खिडकीबाहेर बघायला लागला. "रविवारी गरम मिळतीया. मागनं संपती."

"कोण मेलंय?"

"अजून कोण न्हाई," इरफान म्हणाला आणि त्यानं जीभ चावली.

सन्मतीनं कपाळाला हात लावला. त्याच्या शेजारी एक अनोळखी माणूस बसला होता. कुरळे केस, कॉटनचा कुडता, समोर स्वतःचे फासे मखमली पिशवीतून काढून मांडलेले. हा अमोघ केतकर. पुण्याचा. हा असले खेळ छापून खोक्यात घालून विकायचा आणि त्याला मराठीतलं एक नवं जग हवं होतं. सन्मती त्याच्याशी दोन महिने फोनवर बोलत होता. आमचं सप्तखंड, म्हणजे सन्मतीनं कॉलेजपासून मनात जमवलेलं ते सगळं जग, नद्या, राजे, दानव, सगळं खोक्यात जाणार होतं. त्यासाठी अमोघ आज प्रत्यक्ष खेळ बघायला आला होता. सन्मतीनं इस्त्रीचा शर्ट घातला होता. हे मी त्याच्या बहिणीच्या लग्नानंतर पहिल्यांदाच बघत होते.

हा खेळ समजायला सोपा आहे. एक जण सूत्रधार. समोर काय आहे ते तो सांगतो. बाकीचे एकेक पात्र होऊन आपण काय करतो ते सांगतात, आणि ते जमलं की नाही हे वीस बाजूंचा फासा ठरवतो. सन्मती सूत्रधार होता. धैर्यशील घोरपडे हा सरदार विक्रांत होता, म्हणजे धैर्यशीलच, फक्त उंच आणि डोक्यावर भरपूर केस असलेला. इरफान मुजावर शाळेत चित्रकला शिकवायचा आणि खेळात कायम चोर व्हायचा. चोर मेला की दुसरा चोर. सगळ्यांचं नाव एकच, लाला. आणि मी, शलाका बुगड, सुताच्या पेढीवर सोमवार ते शनिवार फोन उचलणारी, खेळात रणशलाका होते.

रणशलाकेबद्दल सांगते. ती पाण्यावरून चालायची. तलवार तिला लागायची नाही. पाखरांची भाषा तिला यायची. धुक्याचा घोडा होता तिचा, हाक मारली की यायचा. तिला झोप लागत नसे, थकवा येत नसे, आणि खोटं बोलणारा माणूस तिला डोळ्यांवरून कळायचा. तिच्या हनुवटीवर तीळ होता. माझ्याही आहे. नाव ठेवताना मी फार लांब गेले नव्हते, हे तर दिसतंच आहे.

आता एवढी ताकद तिला आली कुठून, तर तीही रीतच. दर रविवारी खेळ सुरू करण्याआधी कोणीतरी मागची हकिगत सांगायची, मागच्या खेळात काय काय झालं ते. त्याला आम्ही बखर म्हणायचो. सांगणाऱ्याच्या पात्राला सूत्रधारानं एक वर द्यायचा, म्हणजे एक नवी शक्ती. सन्मतीनं ही रीत अशासाठी काढली की कोणाच्याच काही लक्षात राहायचं नाही. आणि भांडणं फार व्हायची, म्हणून त्यानंच पुढं जोडलं होतं: बखरीत जे सांगितलं आणि नेहमीच्या खेळाडूंपैकी कोणी हरकत घेतली नाही, ते झालं. मग सूत्रधारालासुद्धा ते बदलता येणार नाही.

पोरांना बखर म्हणजे शाळेतलं पाठांतर वाटायचं. "शलू, तूच सांग गं, तुला बरं जमतंय," असं म्हणून ते भजी खात बसायचे. मी सांगायची. सांगता सांगता उभी राहायची, आवाज काढायची, दानवाच्या तोंडी हुपरीकडचं बोलणं घालायची. दर रविवारी एक वर. वर्षभर. आणि एक दिवस सरदार विक्रांतच्या लक्षात आलं, की दरवाजा फोडायला तो मागं सरून धावत येईपर्यंत रणशलाका पलीकडं जाऊन चहा पीत बसलेली असते.

तेव्हापासून कुरकुर होती. पण जिलेबी आज आली होती.

"बसा ना," अमोघ मला म्हणाला. "तुम्हीच का रणशलाका? सन्मतीनं खूप सांगितलंय."

"काय सांगितलंय?"

"हे बघा, वाईट वाटून घेऊ नका." त्यानं एक फासा बोटांत फिरवला. "असं पात्र प्रत्येक टेबलावर एक असतं. कादंबऱ्यांतही असतं. लेखक स्वतःच वेष बदलून गोष्टीत शिरतो. मग त्याला काही लागत नाही, तो चुकत नाही, सगळे त्याच्याकडे बघत राहतात. लेखकाची लाडकी पात्रं. सुरुवातीला सगळेच करतात ते. वाढतं वय असतं."

"माझं वय वाढून झालंय," मी म्हणाले.

इरफान फसकन हसला. सन्मतीनं त्याला टेबलाखालून लाथ मारली.

"मुद्दा असा," अमोघ शांतपणे म्हणाला, "की हे जग छापायचं तर असं पात्र त्यात चालणार नाही. वाचणारा म्हणेल, हिला काही होणारच नसेल तर मी कशाला काळजी करू? तिला एखादा दोष द्या. एक डोळा नसू दे. पाण्याची भीती असू दे. एखादं जुनं दुःख. मग ती माणूस वाटेल."

"सरदार विक्रांतला काय दोष आहे?"

सगळे धैर्यशीलकडं बघायला लागले.

"मला?" धैर्यशील दचकला. "मी जरा तापट हाय की."

"तापट म्हणजे दोष नाही, धैर्या. तो रागावला की जास्त जोरात मारतो. लिहून घेतलंयस तसं."

"शलू," सन्मती म्हणाला. आवाज मऊ काढला होता त्यानं, मागणं मागताना काढतात तसा. "सर एवढ्या लांबून आलेत. एक डोळा तेवढा घे ना काढून."

"नाही."

"मग पाण्याची भीती?"

"ती पाण्यावरून चालते, सन्मती. भ्यायची कशाला?"

माझा आवाज चढला होता आणि मला ते कळत होतं. पण उतरवावासा वाटला नाही. अमोघनं सन्मतीकडं पाहिलं. सन्मतीनं मान हलवली. ठरलेलंच होतं ते. जिलेबी काय उगाच आली नव्हती.

"बखर सांग," सन्मती मला म्हणाला, "आणि सुरू करू."

मी बखर सांगितली. मुद्दाम चांगली सांगितली. काळदरीच्या काठावर आम्ही कसे पोचलो, दोरांचा पूल, पलीकडं धूमकेशाचा किल्ला, मागं दानवांचे नगारे. सांगताना मी अमोघकडं एकदाही पाहिलं नाही, पण त्याचा फासा फिरायचा थांबला होता. मग वर मागायची वेळ आली.

"आज वर नाही," सन्मती म्हणाला.

"का?"

"सूत्रधाराची मर्जी."

मी फासा पुढं ओढला. खेळ सुरू झाला. अमोघनं एक अग्निवर्ण नावाचा मांत्रिक घेतला होता आणि खरं सांगायचं तर तो छान खेळत होता. आम्ही पुलावर शिरलो. मध्यावर आल्यावर सन्मतीनं एका बाजूचे दोर तोडले. धैर्यशीलनं फासा टाकला, हुकला, आणि सरदार विक्रांत दरीत कोसळायला लागला.

"मी शेला टाकते," मी म्हणाले. फासा टाकला. जमलं. "एक टोक माझ्या कमरेला, दुसरं विक्रांतच्या हातात. मी उरलेल्या दोराला पाय अडकवून उभी आहे."

"धरला," धैर्यशील म्हणाला. "लोंबकळतोय."

सन्मतीनं घोट घेतला. पाण्याचा होता, पण तो दारू प्यायल्यासारखा प्यायला. मग भिंतीकडेच्या यंत्रांकडं बघत म्हणाला, "आकाश काळं होतं. वीज पडते. थेट रणशलाकेवर."

"मी बाजूला सरते." मी फाशाला हात घातला.

"फासा नाही. देवाची वीज आहे ती. चुकवता येत नाही." त्याच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. "रणशलाका मेली."

खालच्या रस्त्यावर एक माणूस कुल्फीची घंटी वाजवत गेला. अमोघनं सहानुभूतीनं मान हलवली, डॉक्टर लोक हलवतात तशी. धैर्यशीलनं नकळत वर्तमानपत्राच्या दिशेनं हात नेला आणि परत घेतला.

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. खेळातल्या पात्रासाठी रडणं वेडेपणाचं आहे, हे मलाही कळतं. पण आठवडाभर मी पेढीवर होय साहेब, नाही साहेब, साहेब बाहेर गेलेत साहेब, एवढंच बोलायची, आणि रविवारची वाट बघायची. हे चौघं मिळून, ठरवून, माझ्या मागं ठरवून, माझा रविवार घेत होते. आणि मला राग आला होता.

तेव्हा इरफान उठला.

"न्हाई, सन्म्या. हे काय बरोबर न्हाई." तो अमोघकडं वळला. "सर, तुम्हांस्नी म्हाईत न्हाई. हिची आई गेली गेल्या साली. महिनाभरानं ही हितं खेळायला आली. ती रणशलाका म्हंजे हिची आई हाय ओ. आईलाच जित्ती ठेवलीया तिनं. आमी कवा बोललो न्हाई, पण आमाला कळतंय."

इरफानचे डोळे भरले होते. तो मनापासून बोलत होता. धैर्यशीलनं खाली मान घातली.

"अरे," अमोघ म्हणाला. चेहराच बदलला त्याचा. "सॉरी. खरंच सॉरी. सन्मती, हे तू सांगायला हवं होतंस. मग गोष्ट वेगळी आहे." तो माझ्याकडं झुकला. "हे फार सुंदर आहे, शलाका. आपण असं करू. मरायला नको. पुलापाशी तिचं देऊळ बांधू. सप्तखंडाची देवी. खोक्यावर खाली ओळ टाकू, आईच्या स्मृतीला, नावासकट. खेळात ती उतरणार नाही, पण राहील. कायमची."

सन्मतीनं सुटकेचा श्वास सोडला. सगळ्यांचंच भलं झालं होतं. खोकं वाचलं, मी वाचले, कोणी वाईट ठरलं नाही. मी नुसती मान हलवायची होती.

मला मोह झाला. का खोटं बोलू? चार माणसं माझ्याकडं मायेनं बघत होती, आणि अशी माया मला फार मिळत नसे. शिवाय आईचं नाव छापून येणार होतं. आईचं नाव लाइटच्या बिलावरसुद्धा कधी आलं नव्हतं.

पण मला आई आठवली. फोटोतली नाही, खरी.

"आई नाही ती," मी म्हणाले.

"असू दे गं," इरफान म्हणाला. "आपल्यात काय लाजायचं."

"इरफान, तू बघितलंयस का माझ्या आईला? माझी आई शेजारच्या बोक्याला भ्यायची. तो कट्ट्यावर बसला असला तर ती धुणं वाळत घालायला जायची नाही, मला हाक मारायची. फोन वाजला तर ती उचलायची नाही, कोण असेल म्हणून. बँकेत शिरताना माझा हात धरायची. माझा जीव होता तिच्यावर. अजून आहे. पण तिला धुक्याच्या घोड्यावर बसवलं असतं ना, तर ती म्हणाली असती, शलू, उतरव बाई मला."

धैर्यशीलला हसू आलं आणि त्यानं ते दाबलं.

"मग कोण आहे ती?" अमोघनं विचारलं.

"मी."

"अगं, पण..."

"मी आहे ती. शलाका बुगड. तुम्ही पहिल्यांदा म्हणालात तेच बरोबर होतं. मी वेष बदलून आत शिरलेय. वेषसुद्धा नीट बदललेला नाही, नाव बघा." मी दोन्ही हात टेबलावर दाबून धरले. "आईसाठी असेल तर मला ताकदवान व्हायला तुमची परवानगी आहे. कोणी मेलेलं असेल, काही दुःख असेल, तर चालतं. नुसतं मला वाटलं म्हणून चालत नाही. धैर्याला कोणी विचारलं, तुझा सरदार एवढा का रे? त्याचं कोण मेलंय?"

"माझे आजोबा गेलेत," धैर्यशील पुटपुटला.

"ते परवा पंपावर मला भेटले, धैर्या."

"ते दुसरे."

"पण शलाका," अमोघ म्हणाला, आणि आता त्याच्या आवाजात पुणं उतरलं होतं, "कथा म्हणून विचार कर. निर्दोष माणसात काय गंमत आहे?"

"दोष मला पुरेसे आहेत. सोमवार ते शनिवार ते सगळे माझ्याकडंच असतात. पेढीवर मोजून दाखवतात लोक. रविवारी मला ते नको आहेत. तुम्हांला गंमत वाटत नसेल तर नका बघू."

"मी सूत्रधार आहे," सन्मती म्हणाला. तो अगदी कोपऱ्यात सापडला होता बिचारा. "वीज पडली. ती मेली. झालं."

"नाही मेली."

"मी म्हणतोय ना."

"आणि मी बखर सांगतेय." मी उभी राहिले. "आत्ताच सांगते. पुढच्या रविवारपर्यंत कशाला थांबा? काळदरीच्या पुलावर वीज पडली. देवाची होती, चुकवता येण्यासारखी नव्हती. रणशलाकेनं ती चुकवली नाही. तिनं ती हातात धरली. हात भाजला नाही, केस जळले नाहीत, पदरसुद्धा काळा झाला नाही. तिनं वर बघून विचारलं, एवढीच? आणि वीज दरीत फेकून दिली." मी टेबलावर सगळीकडं नजर फिरवली. "हरकत?"

"माझी आहे," अमोघ म्हणाला.

"खेळाडूंची विचारतेय. पाहुण्यांची नाही. सन्मती, रीत तुझी आहे. सांग त्यांना."

सन्मतीनं अमोघकडं बघून हात पसरले. म्हणजे खरंच होतं ते.

"इरफान?"

"हरकत न्हाई," इरफान म्हणाला. "आई नसू दे, कोण बी असू दे. मी बघितली, जित्ती हाय."

राहिला धैर्यशील. त्याच्या एका शब्दावर सगळं होतं. तो हरकत घेता तर रणशलाका मेलीच असती. आणि तिला मारायची कल्पना त्याचीच असणार, हे मला जिलेबीच्या वासापासून ठाऊक होतं. वर्षभर तो तिच्यामागून दारं फोडत होता. अमोघ त्याच्याकडं आशेनं बघत होता. सन्मती बघत नव्हता.

"धैर्या?" मी विचारलं.

त्यानं मिशीवरून हात फिरवला. तोंड उघडलं. मिटलं. मग कपाळाला आठ्या घातल्या आणि समोरच्या कागदाकडं बघत राहिला.

"सन्म्या," तो हळूच म्हणाला, "ही मेली तर मी कशाला धरून लोंबकळायलोय?"

"काय?"

"शेला रं. हिच्या कमरेला बांधलाय. ही मेली तर हिच्यासंगं मी बी खाली. न्हवं का?"

सन्मतीनं आ वासला. एवढं सगळं ठरवलं होतं या लोकांनी, जिलेबी आणली होती, वीज आणली होती, आणि विक्रांत कशाला लटकलाय याकडं कोणी बघितलंच नव्हतं.

"अग्निवर्ण त्याला मंत्रानं उचलेल," अमोघ घाईघाईनं म्हणाला.

"फासा टाकावा लागंल," इरफान आनंदानं म्हणाला. "रीत हाय."

धैर्यशीलनं त्या वीस बाजूंच्या फाशाकडं पाहिलं. मग माझ्याकडं. मी उभीच होते, हात टेबलावर दाबून. त्याच्या तोंडावर आधी हिशेब होता, आणि मग दुसरंच काहीतरी आलं, ते काय होतं हे मला आजही नीट सांगता येत नाही. लाज असेल. कौतुकही असेल.

"नको," तो म्हणाला. "कशाला फासा. हिच्यावर माझा भरवसा हाय. हरकत न्हाई. वढ मला वर, शलू."

मी ओढला त्याला वर. एका हातानं.

सन्मतीनं शर्टाचं वरचं बटण काढलं आणि हात जोडले. "एक ओरखडा तरी घे," तो म्हणाला. "गालावर. बारीकसा. माझ्यासाठी. सर इथं बसलेत."

त्याच्या त्या चेहऱ्याची मला दया आली. माझा मित्र होता तो, आणि सप्तखंड त्याचं होतं. त्याच्यासाठी मी बरंच काही केलं असतं.

"नाही," मी म्हणाले.

जिलेबी आम्ही खाल्लीच, वाया कशाला घालवायची. गार झाली होती. रीतीप्रमाणे निंदा करायला कोणी मेलेलं नव्हतं म्हणून सगळे गपगार खात होते. अमोघनं एक खाल्ली आणि फासे मखमली पिशवीत भरले. जाताना तो माझ्याशी नीट बोलला. तू चांगली सांगतेस, म्हणाला, पण कधीतरी तुला कळेल. मी म्हणाले, बघू.

पुढं सन्मती पुण्याला गेला. खोकं निघालं, त्यानंतर दोन दिवाळ्या गेल्यावर. त्यानं शेवटी अमोघच्या अटींना हो म्हटलं याचं मला वाईट वाटलं, पण त्याच्यावर राग नाही. माणसाला आपलं जग कुठंतरी उतरलेलं बघावंसं वाटतं. आमचं टेबल मोडलं, टायपिंगची यंत्रं भंगारात गेली, इरफानची बदली झाली. मी पेढी सोडली. आता माझीच दोन माणसांची कचेरी आहे आणि फोन दुसरी मुलगी उचलते. याचं श्रेय मी रणशलाकेला देणार नाही, कारण मग अमोघ म्हणेल, बघा, तिचा काहीतरी उपयोग होता. तिचा काही उपयोग नव्हता. ती नुसती होती.

खोकं मी घेतलं नाही. इरफाननं घेतलं. त्याचा फोन आला तेव्हा मी दुपारचा डबा उघडत होते.

"शलू, तू बसलीयास का?"

"बसलेय. काय झालं?"

"आगं, खोक्यातल्या पुस्तकात पुलाची गोष्ट घातलीया. पहिल्याच पानावर. आमी सगळे हाय, मी हाय, धैर्याचा सरदार हाय." त्याला दम लागला होता. "आणि वीज पडती. एक गर्विष्ठ बाई आस्ती पुलावर, तीळ बिळ सगळा तसाच हनुवटीवर, आणि ती जळून जाती. दरीत राख पडती म्हणं. मग सगळ्यांस्नी कळतं, गर्व करू नये. छापलंय, शलू! रंगीत चित्र काढलंय! भाड्यांनी मारली तुला!"

"कधी?"

"म्हंजे?"

"कधी मारली, विचारतेय."

"आगं पुस्तकात! सांगतोय काय मी! मेलीस तू, समदी राख झाली!"

मी डब्याचं झाकण बाजूला ठेवलं आणि पोळीचा एक तुकडा मोडला. भूक लागली होती.

"इरफान," मी म्हणाले, "मग तू आत्ता कोणाशी बोलतोयस?"